रिंग जातेय

“ताई, या दरडीखाली आता कुणी जिवंत नसणार,” असं म्हणत अधिकाऱ्यांनी पोकलेन थांबवायला सांगितलं.

सुलक्षणाने कानाला लावलेला फोन खाली घेतला नाही. “माझ्या नवऱ्याच्या फोनची रिंग जातेय, साहेब.”

“बॅटरी उरली असेल.”

“त्यात बॅटरीच नाही! अंगाच्या उबेवर चालतो तो. अवधूतला भारी कॅमेऱ्याचा हवा होता, मी दुकानात भांडून हा घ्यायला लावला. अंग गार पडलं की फोन बंद!”

अधिकारी पोकलेनकडे वळून ओरडले, “खणा!”

उन्हं कलताना अवधूतला बाहेर काढलं. शर्टाच्या खिशातला फोन अजून वाजतच होता.

“हात अडकले होते गं,” तो पुटपुटला, “नाहीतर पहिल्याच रिंगला उचलला असता.”