मध्यंतरानंतर

डबा उघडताच आंबट वास आला आणि दातांच्या डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. जुन्या फिल्मला असा वास सुटला की तिचे दिवस भरले. आणखी एकदा चालली तर नशीब.

डब्यात त्यांच्या संग्रहातला सगळ्यात लाडका सिनेमा होता. कृष्णधवल, विनोदी, मराठी. पण मध्यंतरापर्यंतच. पुढचे डबे, तेच नाव लिहिलेले, पलीकडच्या गल्लीतल्या निवृत्त भूगोलाच्या बाईंकडे होते. बाईही असल्याच सिनेमांच्या वेड्या. दोघांनाही दुसऱ्याचा अर्धा हवा होता, आपला द्यायचा नव्हता. त्यावरून बोलणंच बंद झालं होतं.

"लोकांच्या दाढा उपटता, आणि एक फोन उचलवत नाही?" बायको म्हणाली.

डॉक्टरांनी फोन लावला. पलीकडून बाईंनी एवढंच विचारलं, "तुमच्याही डब्यांना वास यायला लागला का?"

रविवारी सकाळी बाई डबे घेऊन हजर झाल्या. खिडक्यांना चादरी लागल्या, भिंतीवर पडदा चढला, प्रोजेक्टर घरघरू लागला. होणाऱ्या सासऱ्याला चुकवायला नायक बायकी वेशात पळत सुटला, धडपडला आणि शेवटी कपाटात शिरला. मध्यंतर! बाईंचे डोळे हसून ओले झाले होते. कपाटाचं दार कोण उघडतं, हे बघायला डॉक्टर आयुष्यभर थांबले होते. त्यांनी घाईघाईने बाईंचं रीळ चढवलं.

कपाट आलंच नाही. तोच नट, पण झुपकेदार मिशा लावून होडी वल्हवत होता. नायिका भलतीच. आणि मघाचा खाष्ट सासरा त्याच होडीत नवरीचा शालू नेसून लाजत बसला होता.

मग बाई अशा खदखदून हसल्या, की डॉक्टरांनाही हसू आवरेना; त्यांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला.

"बाई, अहो, हे दोन वेगळे सिनेमे आहेत!" डॉक्टर कसेबसे म्हणाले. "कुणीतरी डब्यांची अदलाबदल केलीय."

आतून बायकोने विचारलं, "संपला का एकदाचा?"

"संपतोय कुठला!" बाई डोळे पुसत म्हणाल्या. "एकाचा शेवट शोधायचाय, एकाची सुरुवात. डॉक्टर, उद्या दवाखाना बंद ठेवा, आपण दोघं निघू."