संशय उन्हावर

“आज काय शिकवलं वं?” कौशल्याकाकूंनी मागच्या बाकावरून विचारलं, आणि संध्या खिडकीबाहेर बघू लागली.

अमरावतीहून दर्यापूरला निघालेली काळीपिवळी जीप नुकतीच वलगाव सोडून मोकळ्या रस्त्याला लागली होती. संध्या पुढे, ऐन खिडकीशी बसली होती. मागे दाटीवाटीत अडकलेल्या किसनरावांना हे केव्हापासून खुपत होतं. ते काही या गाडीचे रोजचे प्रवासी नव्हते.

“धा माणसं माघं कोंबले अन् या पोरीले समोर खिडकी? काहून बाप्पा?”

“ते शिकवणीची सीट हाय, काका,” गाडी हाकता हाकता धम्मदीप म्हणाला. “बी.एस्सी.ले हाय ते. कॉलेजात जे शिकवलं ते रोज आमाले सांगते. म्हणून खिडकी तिची.”

यात अतिशयोक्ती नव्हती. केळात बी का नसतं आणि दह्याला विरजण का लागतं, हे या गाडीतल्या बायांना एव्हाना पाठ होतं. कालचा प्रश्न कौशल्याकाकूंचा होता. अमरावतीच्या बाजारात भाजी विकून त्या रोज याच गाडीने परतत. पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, फूल पहिल्या दिवशी पांढरं उमलतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, ते का? मॅडमना विचारून सांगते, असं संध्याने कबूल केलं होतं.

मॅडमना विचारायचं तर आधी वर्गात जावं लागतं. संध्या आज गेलीच नव्हती. चाचणीत वीसपैकी सहा मार्क पडले होते, आणि पुस्तकातलं अर्धंअधिक डोक्यावरून जात होतं. दिवसभर कॉलेजमागच्या कट्ट्यावर बसून तिने ठरवलं, बस्स झालं, उद्यापासून यायचं नाही. घरी काय सांगायचं तेही ठरलं. गाडीत काय सांगायचं, ते तेवढं राहून गेलं.

“उन्हानं होते, काकू,” तिने ठोकून दिलं. “दिवसभर ऊन लागलं का रंग बदलते.”

गाडीत समाधान पसरलं. किसनरावांनीसुद्धा मान डोलावली. कौशल्याकाकूंची मान जागची हलली नाही.

“मंग तुरीचं काहून नाई होत?”

“म्हणजे?”

“माह्या वावरात पऱ्हाटीच्या बाजूलेच तुरीची ओळ हाय. वावर तेच, ऊन तेच. तुरीचं फूल पिवळं ते पिवळंच राह्यते. ऊन का फक्त पऱ्हाटीलेच लागते?”

गाडीत हशा पिकला. संध्याचे कान तापले. पण लाज वाटता वाटताच ती विचार करू लागली होती. खरंच, तुरीचं का होत नाही? कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच तिला एक उत्तर मार्कांसाठी नव्हे, उगाचच, मनापासून हवं झालं. बरं वाटलं तिला.

“मी आज वर्गात गेलीच नाई,” ती म्हणाली. “उन्हाचं मी मनानं सांगतलं. अन् उद्यापासून जाणारबी नव्हती.”



“जाणार नव्हती, का जाणार नाई?” काकूंनी विचारलं. “एक काय ते सांग.”

संध्या धम्मदीपकडे वळली.

“भाऊ, काकूच्या वावरापाशी पाच मिनिटं जास्त थांबता काय?”

खोलापूरच्या अलीकडे काकूंचं वावर रस्त्यालाच लागून होतं. काकू रोज तिथेच उतरत. आज त्यांच्यामागून सगळी गाडी उतरली. संध्याने एक पांढरं फूल हातात धरलं.

“हे झाकून ठेवू. ऊन लागूच नाई द्यायचं. तरी गुलाबी झालं, तं ऊन खोटं.”

“त्यानं तं आज दिवसभर ऊन खाल्लं,” काकू म्हणाल्या. त्यांनी दोन-चार झाडं चाचपून एक टोकदार कळी पुढे केली. “हे झाक. उद्या सकाळी उमलते.”

संध्याने हातातलं फूल सोडलं. सहा मार्क काही उगाच पडले नव्हते.

आता झाकायचं कशाने? ओढणी पातळ होती. भाजीच्या पोत्यातून उजेड आरपार दिसत होता. सगळे एकमेकांकडे बघत असताना किसनराव पुढे झाले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

“खादीची हाय,” ते म्हणाले. “दुहेरी.”

कळीवर टोपी चढली. काकूंनी पदराची पिन काढून टोपी फांदीला पक्की केली.

“उद्या उमलन,” संध्या म्हणाली. “परवा सकाळी पाहू.”

“परवा? मी काई रोज येत नसतो या गाडीनं.”

“आता टोपीसाठी या लागन, काका,” धम्मदीपने गाडी सुरू केली.

काकू वावरातच राहिल्या. त्यांची रिकामी जागा किसनरावांना मिळाली, ऐसपैस. तरी त्यांना चैन पडेना. कोस-दीड कोस गेल्यावर ते पुढे वाकले.

“पोरी, नाईच झालं गुलाबी, तं?”

“तं मॅडमले तुरीचं इचारीन.”

“अन् झालं तं?”

संध्याने खिडकीतून मान आत घेतली.

“झालं तं मोठी पंचाईत. ऊन नाई तं मंग काय, हे शोधाले दोन दिवस लायब्ररीत बसा लागन मले.”

किसनरावांनी टकलावरून हात फिरवला.

“मंग होऊ दे गुलाबी.”