तिथेच विचारायचं

"काका, इथे नका विचारू," योगिनी म्हणाली. "या मराठी फोरमवर आता चिटपाखरू फिरकत नाही. इंग्रजी फोरमवर टाका, लगेच उत्तर येईल. नाहीतर बागायतदारांच्या ग्रुपवर तरी."

"ग्रुपवर सकाळी सुविचार आणि संध्याकाळी भांडणं," भास्कर म्हणाले. "आणि तुझ्या इंग्रजी फोरमवर आधी मलाच प्रश्न विचारतात. संगणक कुठला, प्रोग्राम कधी घेतला. जसे काही मुलगी बघायला आलेत."

योगिनी त्यांची पुतणी. शेजारीच राहायची, मांडवीत संगणकाचे वर्ग घ्यायची. एरवी काकांच्या बोलण्याला हसली असती.

मागच्या खोलीत आंबापोळीची पाकिटं रचून ठेवली होती. लेबलं लागली की गणपतीपुळ्याच्या दुकानांत जायची. पण कालपासून लेबल छापलं की अक्षरांच्या जागी नुसते चौकोन उमटत होते.

भास्करांनी एका बोटाने प्रश्न लिहिला आणि त्याच फोरमवर पाठवला.

तिथे उत्तरं देणारा एकच होता, त्यांचा मुलगा उन्मेष. लेबलांचा हा फुकटचा प्रोग्राम मराठीत आणणाऱ्यांपैकी तो एक. कॅनडाहून परत येणार नाही असं त्याने कळवलं, तेव्हा भास्कर म्हणाले होते, "मग फोनही करू नकोस." मुलाने शब्द पाळला. आईला फोन करायचा, वडिलांना नाही. पुढे एकदा लेबलं अडली, भास्करांनी फोरमवर विचारलं, आणि उत्तर उन्मेषचं आलं. दोन-तीन ओळी. वर नमस्कार नाही, खाली नाव नाही. तेव्हापासून बापलेकांचं बोलणं एवढंच.

दुपारी भास्कर आडवे झाले. डॉक्टरांचा तसा हुकूमच होता. योगिनी स्वयंपाकघरात आली. मालिनी काकूंनी हात पुसले आणि दार लोटून घेतलं.

"काय विचारलंनी गो आज?"

"अक्षरं दिसत नाहीत म्हणून. मी इंग्रजी फोरमवर विचारून ठेवलं होतं. उत्तर आलंय." योगिनीने आवाज आणखी खाली आणला. "काकू, मी त्यांना दुसरीकडे वळवायला बघते, ते ऐकत नाहीत. असं किती दिवस चालवणार?"

"चालेल तितके," मालिनी म्हणाल्या. "त्यांची छाती उघडून शिवल्ये, योगिनी. मी बघितल्ये."

गेल्या वर्षी थंडीत कोल्हापूरला भास्करांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. ते शुद्धीवर येत होते तेव्हाच सून ऋजुताचा फोन आला. बर्फावरून गाडी घसरली होती. उन्मेष जागीच गेला होता. मालिनींनी तो फोन इस्पितळाच्या जिन्यात घेतला, तोंड धुतलं, आणि आत येऊन नवऱ्याला पाणी पाजलं. धक्का बसेल असं काही सांगू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मग सांगायचं राहत गेलं.

घरी आल्यावर भास्करांनी फोरमवर काहीतरी विचारलं. उत्तर येईना. जेवण टाकून ते संगणकासमोर फोरम उघडून बसून राहू लागले. तेव्हा मालिनींनी ऋजुताकडून उन्मेषचा पासवर्ड मागून घेतला आणि योगिनीकडून मराठी टायपिंग शिकून घेतलं.

आताही योगिनी सांगत गेली आणि त्या फोनवर लिहीत गेल्या. सेटिंगमध्ये मराठी फॉन्ट पुन्हा निवडा. प्रोग्राम बंद करून उघडा. शेवटी त्यांनी 'वेळेवर जेवा' असं लिहिलं, क्षणभर बघितलं आणि पुसून टाकलं.

"राहू दे की," योगिनी म्हणाली.

"असं तो लिहायचा नाही."

चहाच्या वेळेला बाहेरून हाक आली. "आलं गो उत्तर!"

मालिनी दारात जाऊन उभ्या राहिल्या. "काय म्हणतो?"

"म्हणतो फॉन्ट बदला, आणि बंद करून उघडा."

"आणखी काही?"

"आणखी काय म्हणणार? शब्द तोलून खर्च करतो. तुमच्या माहेरचा चिकटपणा."

"माहेरचं नाव नको. अगदी तुमच्यावर गेलाय," मालिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच निघाला.

लेबल छापून बाहेर आलं. सगळी अक्षरं जागेवर होती. भास्करांनी ते लेबल उजेडात धरून योगिनीला दाखवलं. "बघ. म्हणून तिथेच विचारायचं." मालिनी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. रंग बरा दिसत होता. आजचा दिवस निभावला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भास्कर पाकिटांचा खोका घेऊन गणपतीपुळ्याच्या एसटीत बसले. "नाश्ता परत आल्यावर करीन," म्हणाले. मालिनींनी गोळ्या त्यांच्या खिशात घातल्या आणि लवकर या म्हणून सांगितलं.

पाकिटं दुकानात देऊन झाल्यावर ते देवळाकडे वळले नाहीत. मागच्या आळीत विनीत गुरुजींचं घर होतं, तिथे गेले. पितृपक्ष चालू होता. पडवीत पाट मांडलेला होता, शेजारी तीळ, दर्भ आणि पाण्याचा तांब्या. भास्करांनी सदरा काढून खुंटीला अडकवला आणि पाटावर बसले.

गुरुजींनी त्यांच्या बोटात पवित्रक घातलं. "तुमच्या वडलांचं तर परवाच घरी झालं ना, काका? आज कुणाच्या नावानं?"

"उन्मेष," भास्कर म्हणाले. "मुलगा."

गुरुजींचा हात तिळांवरच थांबला.

"आमच्या हिच्यासमोर यातलं काही काढू नका, गुरुजी. घरी तो अजून उत्तरं देतो."