दुरुस्तीला गेलेला दरवाजा

“आमचा दरवाजा कधी देनार, बाय?”

रुचिराने हातातला पॉलिश पेपर खाली ठेवला. गव्हाणच्या तिच्या शेडच्या तोंडाशी पन्नाशीची एक बाई उभी होती. रिक्षा बदलत पनवेलहून आलेली, घामाघूम. नाव भामा. टपाल नाक्यामागच्या ‘मथुरा भुवन’मधली तळमजल्यावरची भाडेकरू.

मथुरा भुवनचा मुख्य दरवाजा शेडच्या मधोमध दोन लाकडी घोड्यांवर आडवा होता. ऑइल पेंटचे थर खरवडून काढल्यावर खालून सागवान वर आलं होतं. वेली, कमळं, समोरासमोर दोन पोपट. रुचिराने आजवर जुन्या इमारतींचे कितीतरी दरवाजे वाचवले होते. असा एकही नव्हता.

“घाई करून चालत नाही, मावशी. जुनं लाकूड आहे. तेल मुरावं लागतं.”

“शिमग्याला नेला. आता गनपती आलं.”

रुचिराचं डोकं तापलं. याच लोकांनी त्या पोपटांवर हिरवा रंग फासला होता. तोरणासाठी कमळात खिळे ठोकले होते. आणि आता जाब विचारायला आले! “तुमच्या मालकांचे आभार माना,” ती म्हणाली. “मितेशशेठसारखा माणूस मी पाहिला नाही. दुसऱ्या कोणी हा भंगारात घातला असता.”

भामा भांडली नाही. “दरवाजा काढल्यापासून तुमी आमच्याकडं आलाव काय?” तिने विचारलं. “एकदा चला.”

रुचिरा गेली, ती रागातच.

मथुरा भुवनची चौकट उघडीबोडकी होती. रस्ता सरळ जिन्यात शिरला होता. पहिल्या पायरीवर कुत्रं झोपलेलं, त्याच्या शेजारी दारूच्या बाटल्या. पाण्याची मोटर चोरीला गेली होती. भामाची मुलगी मनिषा एकदा क्लासवरून आली, तेव्हा अंधारात जिन्यावर कोणीतरी बसला होता, त्याने तिचा हात धरला. तेव्हापासून ती जासईला मामाकडे राहत होती. वरच्या मजल्यावर दोन खोल्यांना मालकाची कुलपं होती. ती बिऱ्हाडं कंटाळून कामोठ्याला निघून गेली होती. मालकाची माणसं वाटेल तेव्हा वर चढायची, दारं वाजवायची. “काय ठरलं? कधी जाताय?”

“मग तुम्ही काहीतरी लावायचं ना इथे! एखादा प्लायवूड तरी?”

“लावला व्हता. शेठच्या मानसांनी उखडला. बोल्ले, जुन्या चौकटीला खिले मारायचं नाय. हेरिटेज हाय.”

हा शब्द रुचिराचाच होता. तिनेच तो मितेशशेठला शिकवला होता.

“महापालिकेत गेलो,” भामा म्हणाली. “शेठनी त्यांना दरवाजासंगती पेपरात आलेला तुमचा फोटू दाखवला. बोल्ला, दुरुस्ती चालू हाय, मी काय करू? ती बाईच दरवाजा देत नाय.”

रुचिरा त्या रिकाम्या चौकटीला टेकून उभी राहिली. काम संपत आलं की मितेशशेठ शेडवर यायचा. कधी कमळाची पाकळी नवी हवी, कधी कडी लोखंडाची नको, पितळेची हवी, कधी पोपटाची चोच नीट दिसत नाही. किती रसिक मालक, असं ती येईल-जाईल त्याला सांगत होती.

तिने तिथूनच फोन लावला. “शेठ, दरवाजा तयार आहे. बसवायचा का?”

“अरे मॅडम, घाई कसली?” तो हसला. “तीन बिऱ्हाडं अजून हलायची आहेत. तुम्ही आपल्याच आहात म्हणून सांगतो. इथे नवीन टॉवर होईल, त्याच्या लॉबीत लावू ना तो. खाली पितळेच्या पाटीवर तुमचं नाव.”

आपल्याच! रुचिराने फोन बंद केला आणि काशीरामला, तिच्या सुताराला, लावला. “दोन्ही झडपा टेम्पोत घाला आणि पनवेलला या.”

“ताई, तेलाचा शेवटचा हात राहिलाय.”

“राहू दे.”

दिवेलागणीपर्यंत दरवाजा उभा राहिला. झडपा उचलायला सगळी बिऱ्हाडं खाली उतरली होती. काशीराम बिजागऱ्यांचे शेवटचे स्क्रू आवळत होता, तेवढ्यात गल्लीत मितेशशेठची गाडी थांबली.

“मॅडम, हे काय? कोणाला विचारून बसवलात?”

“दुरुस्ती झाली. दरवाजा जागेवर आला.”

“दरवाजा माझा आहे!”

“म्हणूनच तुमच्याच इमारतीला लावलाय. दुरुस्ती संपली, हे महापालिकेला आणि पेपरवाल्यांना उद्या मीच कळवते. पुन्हा काढायचा असेल, तर का काढताय तेही त्यांनाच सांगा.”

“एक काम मिळणार नाही तुम्हाला पनवेलमध्ये.”

“नाही तर नाही,” रुचिरा म्हणाली. “माझ्या हातांनी तुम्ही या माणसांना घराबाहेर काढत होतात. लाज नाही वाटली?”

गल्लीतली माणसं दुकानांच्या पायऱ्यांवर येऊन उभी राहिली. मितेशशेठने चारी बाजूंना पाहिलं आणि रुचिराला ओलांडून तो रोजच्या सवयीने जिन्याकडे निघाला. भामा आत होती. तिने त्याच्या तोंडासमोर दोन्ही झडपा लोटल्या. आतून अडसर सरकल्याचा आवाज आला.

त्याने दरवाजा ढकलला. दरवाजा हलला नाही. खांद्याने रेटला, तरी नाही. मागे कोणीतरी हसलं. मग त्याने हळूच कडी वाजवली.

आतून भामाचा आवाज आला, “कोन हाय?”