नावं गाळलेली माहिती

कॉम्प्युटरवाले आणि मेडिकलवाले एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, म्हणून दोघांचं संशोधन एकत्र जोडायचं काम विद्यापीठाच्या ग्रंथालयानं तिथंच नोकरी करणाऱ्या तिच्या माथी मारलं. कॉम्प्युटरवाल्यांनी ग्रंथालयातल्याच कर्मचाऱ्यांचं टायपिंग नोंदवलं होतं, नावं गाळून, फक्त वय आणि डावखुरा की उजवा एवढंच ठेवून. मेडिकलवाल्यांनी टिपलं होतं, कंपवात, म्हणजे पार्किन्सन, कळायच्या कितीतरी आधी रुग्णांची बोटं टाईप करताना कशी अडखळतात ते.

जोडल्यावर एक कर्मचारी रुग्णांशी तंतोतंत जुळला. पन्नाशीचा, डावखुरा.

"नाव नाही तेच बरं," शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली. "कुणाच्या जिवाला उगाच घोर नको."



पलीकडच्या काउंटरवर बसणारा तिचा नवरा डाव्या हातात कपबशी सांभाळत आला. "घे गं चहा. आज परत बशीत सांडला. हे कपच धड नाहीत."