पिशवीतले गोठ

"गोठ होते की नव्हते?" तुरुंगाच्या कारकुनाने तिसऱ्यांदा विचारलं.

"व्हते." चांगुणा म्हणाली. "दोन. सोन्याचे. आत घेताना हातातनं काढून घेतले."

शेजारी तिचा सासरा कारभारी काठीवर दोन्ही हात ठेवून उभा होता. तो तिच्याकडे बघतही नव्हता, आणि तिला त्याचीच जास्त भीती वाटत होती. सकाळी निघताना तो एवढंच म्हणाला होता, "गोठ घावले तर घरी. न्हाई तर म्हायेरची वाट धर."

त्याच्या लेकीचं, शाळेत जाणाऱ्या केशरचं लग्न जामखेडच्या पाहुण्यांनी त्या गोठांवरच ठरवलं होतं. गोठ नाहीत तर सोयरीक नाही.

कारकुनाने रजिस्टर उघडलं. एकच ओळ होती : बायकांचे दागिने, पिशवी एक.

"अहो, दुष्काळी कामं मागणाऱ्या मोर्चातल्या दोनशे बाया एकदम आणल्या. एकेकीचं कधी लिहायचं? सगळ्यांचं एकाच पिशवीत टाकलं. सुटताना जिने जे आपलं म्हणून दाखवलं, ते तिला दिलं."

"मंग माजं?"

"तुम्ही शेवटच्या तुकडीत. तोवर पिशवीत एक जोडवं आणि दोन मणी उरले होते."

चांगुणाने टेबलाची कड घट्ट धरली. मोर्चाला निघताना सासूनेच, आक्काबाईने, ते गोठ तिच्या हातात चढवले होते. घर मोकळं राहणार, अंगावरच बरे म्हणून. दोघी एकदमच धरल्या गेल्या. डोकी पिकलेल्या बाया पोलिसांनी दुसऱ्याच दिवशी सोडल्या, तरण्या आठवडाभर ठेवल्या. सुटून चांगुणा मोकळ्या हातांनी दारात आली, तेव्हापासून आक्काबाईच्या तोंडाचा पट्टा थांबला नव्हता.

"सरकारवर दावाच लावतो," कारभारी म्हणाला.

"लावा की. समोरच कोर्ट आहे," कारकून म्हणाला आणि त्याने रजिस्टर मिटलं.

कोर्टाच्या आवारातल्या वकिलाने सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढला. "कैद्याच्या वस्तू ताब्यात घेणं हे राज्य चालवायचं काम झालं. त्यात सरकारी नोकराच्या हातून काही गेलं, तर भरपाईसाठी सरकारवर दावा चालत नाही. दिल्लीच्या मोठ्या कोर्टाने तसं ठरवलंय."

"म्हंजी आमी हरवलं तर आमची चूक, आन सरकारनं हरवलं तर बी आमचीच?"

"कारभारी, तुम्हाला कायदा माझ्यापेक्षा लवकर समजला."

कारभारी हसला नाही. एसटी स्टँडवर चांगुणाच्या माहेरची गाडी उभी होती. तो गाडीकडे बघत राहिला, मग म्हणाला, "आदी सासूम्होरं उभी ऱ्हा. पुढचं ती ठरवील."

त्यापेक्षा माहेरची गाडी परवडली असती.

आक्काबाई उंबऱ्यातच कमरेवर हात ठेवून उभी होती. "घावले?"

"न्हाई."

"मंग आता?"

"सरकारवर दावा चालत न्हाई म्हनला वकील. मोडलं लगीन. जामखेडला निरोप धाडतो."

"कोर्ट न्हाई? कोनी इचारायला बी यायचं न्हाई घरला?"

"कशाला येत्यात? सरकारच्या लेखी संपलं."

आक्काबाईने कपाळावर हात मारून घेतला. "हिला माज्या हवाली करा. तुमी जावा निरोपाला."

कारभारी वळला. आक्काबाईने चांगुणाचं मनगट असं आवळलं की हाड कळवळलं. फरफटत आत नेलं, कडी घातली. अंधारात चांगुणा भिंतीला टेकली. "आत्याबाई, देवाशपथ, मी न्हाई..." सासूचा हात वर आलेला दिसला, तसे तिने डोळे गच्च मिटले आणि गाल आकसून घेतला.

गालावर काहीच पडलं नाही. तिच्या बोटांवरून काहीतरी गार, जड सरकलं आणि मनगटावर बसलं. मग दुसऱ्या हातातही.

"दुसऱ्या दिशी सुटताना पिशवीत हात घालून मीच उचलले," आक्काबाई तिच्या कानाशी म्हणाली. "तुला खोटं बोलता येत न्हाई, पोरी, म्हनून सांगितलं न्हाई. आता काढ लवकर. केशर मॅट्रिक होईस्तवर पुरून ठिवायचेत."