मागची दाढ

डॉक्टरसाहेब, तुमचा गुन्हा तोंडावर सांगतो. तुम्ही बयाला विचारलंत, "दुखतंय का गं?" हे विचारायचा तुम्हाला काही अधिकार नव्हता.

कचेरीच्या बाजूच्या खोलीत ती बाकाच्या टोकाला बसली होती. ओठ घट्ट मिटलेले. उजवा गाल कानापर्यंत सुजलेला. विंझरच्या वरच्या राखीव रानात तिनं शेरडं घातली, हा एक आरोप. त्यातलं करडू खांद्यावर टाकून निघालेल्या जंगलशिपायाला तिनं दगड हाणला, हा दुसरा. दगड कपाळावर बसला. करडू शिपायाच्या घरी शिजलं. त्याचा आरोप कुणावरच झाला नाही.

मॅजिस्ट्रेटसाहेबांना एवढंच ठरवायचं होतं, की पोरीचं वय किती. सोळाच्या आतली असेल तर ताकीद देऊन घरी. वरची असेल तर वर्षभर तुरुंग. तिचा चुलता नाथा हात जोडून म्हणाला होता, "मानमोडीची साथ आली तवा ही आईच्या पोटात व्हती, सायेब. इसाब तुमीच करा."

साहेबांनी हिशेब केला असता तर पंधरा आले असते. त्यांनी केला नाही. धनगराच्या तोंडचं वय कचेरीत चालत नाही. त्यांनी नाथाला बाहेर घालवलं आणि तुम्हाला बोलावलं.

जाता जाता नाथा पोरीच्या कानाशी लागला. "दात बगत्याल तुजं. बाजारात शेरडाचं बगत्यात तसं. तोंड उगडू नगंस."

बयाला हे शिकवायला नको होतं. शेरडाचा खालचा ओठ अंगठ्यानं दाबायचा आणि पुढचे दात बघायचे. दोन मोठे आले की दोनदाती. मग चारदाती, मग सहादाती. सगळे आले की जुळलं, आणि जुळलेलं खाटकाकडं जातं. वय असतं ते पुढच्या दातांत. मागं कोण बघतं? जनावराच्या जबड्यात मागपर्यंत बोट घालायचं ते काटा रुतला असेल, काही टोचत असेल तर. बयानं असे कितीतरी काटे काढले होते.

म्हणून तुम्ही आलात तेव्हा तिनं ओठ आणखी आवळले.

"तोंड उघड," तुम्ही म्हणालात.

ती हलली नाही. दाराशी उभा असलेला कचेरीचा शिपाई हसला. "मुकी हाय सायेब. हिच्या वतीनं दगूड बोलतो."

मग तुम्ही खाली वाकलात. तिच्या गालाला बोट लावलंत, अगदी हलकं. आणि विचारलंत, "दुखतंय का गं?"

ती दाढ पावसाळा सरल्यापासून वर येत होती, डॉक्टरसाहेब. रानात बया आणि शेरडं, तिसरं कुणी नाही. आईबाप कधीच गेलेले. चुलती भाकर बांधून द्यायची, ती चावता यायची नाही. ओढ्याच्या पाण्यात भिजवून बया ती गिळायची, उरलेली शेरडांना घालायची. गाल सुजला तेव्हा चुलती म्हणाली, "कामाचा कटाळा आला, म्हून गाल फुगीवलास व्हय?" त्यानंतर बयानं घरात गालाचं नाव काढलं नाही. उन्हात तापलेला एक दगड ती फडक्यात गुंडाळून गालाशी धरायची. त्या दिवशी शिपायानं करडू उचललं तेव्हा तिच्या हातात तोच होता.

दुखतंय का, हे तिला कुणी विचारलं नव्हतं. तुम्ही विचारलंत. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं मान हलवली.

"कुठं? मागं?"

तिनं पुन्हा मान हलवली.

"बघू मग. काढून टाकू ती. आ कर."

मागं. पुढचे दात नव्हेत. वय बघणारा माणूस मागं बघत नाही. हा माणूस काटा काढणारा आहे. असं तिला वाटलं, आणि तिनं आ केला. जबडा उघडत नव्हता. तिनं तो उघडला. कळ मस्तकात गेली. तुम्हाला नीट दिसावं म्हणून तिनं मान मागं टाकली आणि सुजलेला गाल आपल्याच बोटानं ओढून धरला. तुमचं बोट हिरडीवर टेकलं तेव्हा ती ओरडलीसुद्धा नाही.

तुम्ही बोट रुमालाला पुसलंत. आतल्या खोलीकडं तोंड करून सांगितलंत, "अक्कलदाढ आली आहे. अठराच्या खाली नाही."

एखाद्या पोरीला ती लवकर येते. हे तुम्ही शिकला होतात. माहीत नव्हतं असं म्हणू नका.

शिक्षा झाली. दाराशी उभ्या शिपायानं दंडाला धरून तिला उठवलं. बाहेरून नाथा ओरडला, "तोंड उगाडलंस कशापायी?"

"म्या पुडचं दात न्हाई दावलं, तात्या," ती म्हणाली.

दारात ती थांबली. शिपायानं ओढलं तरी थांबली. तुरुंग कुठं आहे, तिथून कधी सोडतील, शेरडं कोण बघेल, यातलं तिनं काहीच विचारलं नाही. दोन्ही हातांत गाल धरून ती तुमच्याकडं वळली आणि एकच गोष्ट विचारली. तुम्ही पिशवी आवरत होतात. तुम्हाला ऐकू गेलं होतं. तुम्ही मान वर केली नाहीत.

आता करा, डॉक्टरसाहेब. आणि तिला उत्तर द्या.

"सायेब, माजी दाढ कवा काडताय?"